कीर्तनाला नाव कोणते द्यावे?

दासनवमी जवळ आली की देवळांच्या फळ्यांवर कीर्तनांचे विषय लिहिले जाऊ लागतात. उत्तररंगातील आख्यानास नावाची विवंचना नसते. ‘सुदामचरित्र’ एवढे लिहिले तरी सभामंडप भरतो. खरी कसोटी पूर्वरंगाची. ‘भक्तीचे महत्त्व’ असे लिहावे, तर ‘हे आम्हांस ठाऊकच आहे’ म्हणून श्रोता घरीच राहतो.

या कामी समर्थांकडे पाहावे. दासबोधाचे 20 दशक, 200 समास. प्रत्येक समासास आपले नाव. दुसऱ्या दशकाचा पहिला समास ‘मूर्खलक्षण’. तो ऐकताना शेजारीपाजारी आठवतात आणि मन सुखावते! त्याच दशकाचा दहावा समास मात्र ‘पढतमूर्ख’. येथे पोथी उघडून बसलेला, म्हणजे आम्हीच, सापडतो. पढलेला आणि तरीही मूर्ख? हा प्रश्न नावातच आहे, आणि समास त्याचे उत्तर देतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे ‘अर्जुनविषादयोग’ हे नावही असेच. विषाद हा योग कसा, हे जाणण्यासाठी माणूस थांबतोच.

अलीकडे व्यवस्थापक मंडळी म्हणतात, “बुवा, काही चटकदार द्या.” एका उत्सवात आमच्या वैराग्यावरील निरूपणास परस्पर ‘सुखी संसाराची गुरुकिल्ली’ असे नाव दिले गेले. गर्दी लोटली. आरतीनंतर एक माउली जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “बुवा, किल्ली राहिली की हो सांगायची.” त्या घरचे काही दुःख घेऊन आल्या होत्या, हे चेहऱ्यावर दिसत होते.

तेव्हापासून नाव आम्ही स्वहस्ते लिहून देतो, तेही निरूपण बांधून झाल्यावरच. यंदा दासनवमीस ‘पढतमूर्ख’ घेतला आहे.