चहाचा पेला पोटांत गेल्यावर

भिवंडीस यंत्रमाग रात्रंदिवस चालतात, आणि मागांबरोबर चहाहि चालतो. बारा तासांच्या पाळींत डोळा लागूं नये म्हणून मागवाला पेल्यामागून पेला रिचवितो. आपण सुशिक्षित मंडळी त्यास नांवें ठेवितों. पण आपल्या घरांत तरी काय निराळें चालतें? तो पितो जागण्याकरितां, आपण पितों संवयीकरितां, इतकेंच.

चहांतील कॅफीन सुमारें पाऊण तासांत बहुतेक सर्व रक्तांत उतरतें. पुढें त्याची वासलात लावण्याचें काम यकृताचें. तेथील एक विकर कॅफीनचें मुख्यत्वें पॅराझँथिन बनवितें, आणि अखेर त्याचे अवशेष मूत्रावाटें बाहेर पडतात. निरोगी प्रौढाच्या अंगांतील कॅफीन निम्में होण्यास सुमारें ५ तास लागतात. म्हणजे सायंकाळीं सहाच्या चहाचा निम्मा अंमल अकरा वाजतांहि उरलेला असतो. विडी ओढणाऱ्याचें यकृत हें काम अधिक वेगानें करतें (हें विडीचें प्रशस्तिपत्र नव्हे!). उलट गर्भिणीस शेवटच्या महिन्यांत याच कामास १५ तासांपर्यंत लागतात, आणि नवजात अर्भकास तर तीन-चार दिवस.

परंतु घरांतील स्त्रियांच्या दृष्टीनें कॅफीनपेक्षां चहाचा तुरटपणा अधिक विचार करण्याजोगा आहे. हीं तुरट द्रव्यें फारशीं शोषलीं जात नाहींत; बरींचशीं मोठ्या आंतड्यांत पोंचतात व तेथील जंतु त्यांचे तुकडे पाडतात. मात्र वाटेंत तीं भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोहास घट्ट धरतात, आणि तें लोह रक्तांत न जातां तसेंच बाहेर पडतें. मांसांतील लोहास ही बाधा फारशी होत नाहीं. शाकाहारी घरांस मात्र दुसरें लोहच नाहीं. दूध घातल्यानेंहि हा दोष जात नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत, सारा दोष चहाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण सर्वांमागून जेवून लगेच चहाचा पेला तोंडास लावणारी गरोदर सून कोणत्या घरांत दिसत नाहीं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जेवणाआधीं व नंतर निदान एक तास चहा घेऊं नये असें सांगितलें आहे. चहा सोडावयाचा नाहीं, केवळ दुपारीं चारापर्यंत लांबवावयाचा. आणि पानांत लिंबाची फोड वाढावयाची, कारण तिच्यांतील क जीवनसत्त्वानें हेंच लोह अधिक शोषलें जातें.