बॉनेटखालचा गंज, घरचा रंग

गाडी जुनी झाली तरी आपण ती बाहेरून धुतो, पुसतो. बॉनेट मात्र गॅरेजवाल्याशिवाय सहसा कोणी उघडत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आतले लोखंड हळूहळू खात असतो. बॅटरीखालचा ट्रे, बॅटरी धरून ठेवणारी पट्टी, लहानसहान ब्रॅकेट, एवढे रंगकाम घरी करता येते. आम्ही घरच्यांनी मिळून ते केले, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली : रंग मारायला वेळ थोडाच लागतो; तो टिकतो मात्र आधीच्या तयारीवर.

काम इंजिन थंड असतानाच करावे. बॅटरीची ऋण (–) वायर आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. बॅटरी उभीच ठेवावी, आडवी करू नये. ट्रेवर पांढरी भुकटी दिसली तर ती आम्लाची खूण समजावी. रबरी हातमोजे व चष्मा घालून, ट्रे बाहेर काढून त्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे. फेस थांबला की धुऊन पूर्ण वाळवावा.

त्यानंतर आधी तेलकटपणा काढावा, मगच घासावे. उलटे केले तर तेल पत्र्यावरच पसरते. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून ८० नंबरच्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. लोखंडाला गंजरोधक प्रायमर, अॅल्युमिनियमला त्याचा वेगळा प्रायमर लागतो. बोल्टचे आटे आणि अर्थिंगची जागा मास्किंग टेपने झाकावी. तिथे रंग बसला तर वीज नीट वाहत नाही. इंजिन नंबर व चेसिस नंबर कधीही झाकू नयेत.

साधा ऑइलपेंट इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही. इंजिनसाठीचा रंग साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. धूर बाहेर नेणारे पाइप त्याहून खूप तापतात, त्यांना वेगळा रंग लागतो. स्प्रेचा डबा वीतभराहून थोडा लांब धरून पातळ थर द्यावेत, एक वाळला की दुसरा. पावसाळी दमट दिवशी हे काम काढूच नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघराजवळ किंवा बंद खोलीत नको. अंगण किंवा मोकळी गच्ची बरी. कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीत शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा २०१६ चा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे, गाडीच्या रंगांना तो लागू नाही. म्हणून पेपर ओला करून घासावे, लहानग्यांना आणि गरोदर बायकांना लांब ठेवावे, आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

एक मर्यादाही ओळखावी. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आरपार गेला, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून नवा ट्रे आणावा. रंगाने गंज थांबतो, खाल्लेले लोखंड परत येत नाही. आणि त्या ट्रेवर बॅटरीचे दहा-बारा किलो वजन असते.