नखाखालचा काळा डाग

ठेच लागली की नखाखाली रक्त साकळतं. नख वाढतं तसा तो डाग पुढे सरकत जातो. डाग जागचा हलत नसेल, उभी काळी रेघ रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा; तो त्वचेचा कर्करोग असू शकतो.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल म्हणजे चकचकीत, सावकाश वाढणारी गाठ. ती सहसा दूर पसरत नाही. स्क्वेमस सेल खरखरीत असतो, त्याची जखम भरत नाही; भाजल्याच्या जुन्या व्रणावरही तो उद्भवतो. मेलॅनोमा रंगपेशींचा, विरळा, पण झपाट्याने पसरणारा.

सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य छत्रीसारखं ऊन अडवतं. मात्र तळपायाच्या, नखाखालच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यात तो १९७७ मध्ये सापडला. १९८१ मध्ये मार्लीचा मृत्यू झाला. म्हणून आंघोळीनंतर तळवेही तपासा.