अध्यापकाच्या हाती नवी पाटी

सन २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या पदवी-परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी जी तळमळ झाली, ती ठाणे, कल्याण व डोंबिवलीकडील पुष्कळ पालकांना अजून आठवत असेल. परीक्षा होऊन गेल्या, जून सरला, जुलैही सरत आला, तरी अनेक निकालांचा पत्ता नव्हता. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून फार तर ४५ दिवसांच्या आत निकाल लागावयास हवा. त्या वर्षी कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही टळली, आणि राहिलेले निकाल लागता लागता सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. कोणाचा पुढील वर्गातील प्रवेश अडला, कोणाचे परदेशी जाणे लांबले.

या गोंधळाच्या मुळाशी एक नवी पद्धत होती. विद्यापीठाने त्या वर्षी सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका कागदावर न तपासता संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. ही पद्धत मुळात वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. तीत उत्तरपत्रिकेच्या प्रत्येक पानाचे यंत्राने छायाचित्र घेतात. परीक्षक आपले नाव व परवलीचा शब्द देऊन संगणकावर बसला, की विद्यार्थ्याचे नाव नसलेली एक उत्तरपत्रिका त्याच्यापुढे उघडते. पानाशेजारच्या चौकटीत तो प्रत्येक प्रश्नाचे गुण भरतो आणि बेरीज यंत्र करते. बेरजेची चूक टळते, न तपासलेला प्रश्न नजरेतून सुटत नाही, गठ्ठे इकडून तिकडे वाहून न्यावे लागत नाहीत. इतके फायदे असून बिघडले कोठे?

बिघडले ते क्रमात. परीक्षा सुरू झाल्यावर हे काम करणारी यंत्रणा नेमली गेली. पाने छापून घेणे, ती योग्य विषयाला जोडणे, केंद्रे सज्ज करणे आणि हजारो प्राध्यापकांनी ही रीत आत्मसात करणे, ही सारी कामे एकाच वेळी सुरू झाली. पंचवीस वर्षे हातात लाल शाईचे पेन घेऊन उत्तरपत्रिका चाळणारा प्राध्यापक एकाएकी पडद्यापुढे बसला. त्याच्या अडचणी मोठ्या नव्हत्या. पान पुढे कसे न्यावे, अर्धवट दिसणाऱ्या आकृतीचे काय करावे, एखादे पानच नसेल तर कोणाला सांगावे, अशाच त्या होत्या. परंतु अशी प्रत्येक अडचण पाच मिनिटे खाते, आणि लाखो उत्तरपत्रिकांना पाच-पाच मिनिटांनी गुणले म्हणजे महिने होतात. सगळा दोष प्राध्यापकांच्या अज्ञानाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच, की शिकविणे आधी आणि सक्ती मागाहून, हा क्रम उलटा झाला तर चांगली पद्धतही बदनाम होते.

पुढे तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे महाविद्यालयांना कुलपे लागली. या वेळी क्रम पाळावयास सवडच नव्हती. ठाण्याचे जोशी-बेडेकर व बांदोडकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर ही महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या साऱ्या विद्यापीठाचे वर्ग फोनवर आणि संगणकावर गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षाही पर्यायी प्रश्नांच्या रूपाने घरबसल्या झाल्या. पंधरा वर्षांत जे शिकलो नाही ते पंधरा दिवसांत शिकलो, असे कित्येक प्राध्यापक त्या काळाविषयी सांगतात. ते कसे शिकले, हे पाहण्यासारखे आहे. परिपत्रके वाचून फारसे कोणी शिकले नाही. घरच्या मुलीने शेजारी बसून दाखविले, किंवा विभागातील तरुण सहकाऱ्याने फोनवरून ‘सर, आता उजवीकडचे बटण दाबा’ असे सांगितले. शिकणाऱ्याजवळ आपले माणूस होते आणि शिकण्याची निकड होती, म्हणून विद्या आली.

परंतु आली ती कोणती विद्या? कॅमेऱ्यापुढे बोलण्याची. समोर विद्यार्थ्यांच्या नावांच्या काळ्या चौकटी, आणि इकडे प्राध्यापक वर्गातलेच व्याख्यान एकट्याने देत आहेत, असे चित्र बहुतेक ठिकाणी होते. साधन चालविता येणे ही एक गोष्ट आणि साधनाने शिकविता येणे ही दुसरी, हा भेद येथे स्पष्ट होतो.

एका उदाहरणाने हे अधिक उलगडेल. भूगोलाच्या प्राध्यापकांना ठाण्याच्या खाडीविषयी शिकवावयाचे आहे. पुस्तकातील परिच्छेद पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखविला, तर फळ्याच्या जागी पडदा आला इतकेच. परंतु १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांनी पृथ्वीची जी चित्रे घेतली, ती २००८ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांतील निरनिराळ्या दशकांची दोन चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवून ‘तिवरांची झाडी कोठे वाढली, कोठे घटली, वस्ती कोणत्या बाजूने सरकली, ते मोजून सांगा’ असे म्हटले, की वर्ग कामाला लागतो. येथे बटणे दाबण्याचे ज्ञान थोडे लागते; प्रश्न कोणता विचारावा याचे ज्ञान फार लागते. आणि ते प्राध्यापकांजवळ आधीपासूनच असते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये अध्यापकांच्या डिजिटल क्षमतांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात ६ विभागांत २२ क्षमता मांडल्या आहेत, आणि शिकविणे, मूल्यमापन करणे, विद्यार्थ्याला स्वतः शिकते करणे यांना त्यात स्वतंत्र विभाग आहेत. यंत्राची ओळख ही तेथे पायरी आहे, देव्हारा नव्हे.

मराठीच्या प्राध्यापकांची अडचण आणखी निराळी. त्यांनी कष्टाने टंकलिखित केलेली टिपणे विद्यार्थ्याच्या फोनवर उघडली, की पुष्कळदा रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कारण असे, की जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो टंक ज्याच्यापाशी नाही त्याला मूळची रोमन अक्षरे दिसणार. युनिकोड या पद्धतीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे, आणि देवनागरी तीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. रोज अर्धा तास दिला, तर काही आठवड्यांत हात बसतो. एवढ्या लहान गोष्टीने मराठी विभागाचे सारे लेखन शोधता येण्याजोगे व टिकाऊ होते.

आता सोयी नाहीत असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांतून स्वतंत्र केंद्रे काढली. २०२३ पासून हे काम मालवीय मिशन या नावाने चालते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाचा श्रीगणेशा गावोगाव नेला. ठाण्याहून दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीने तर दोन सुंदर प्रयोग केले. पहिल्यात देशभरच्या अभियांत्रिकी प्राध्यापकांना पवईला न बोलावता जवळच्या केंद्रात जमविले. व्याख्यान पवईहून थेट ऐकावयाचे आणि प्रात्यक्षिक तेथील मार्गदर्शकाजवळ करावयाचे, आणि या मार्गदर्शकांना आधी स्वतंत्रपणे तयार केलेले असे. दुसरा प्रयोग ‘स्पोकन ट्युटोरियल’चा. सुमारे दहा मिनिटांच्या चित्रफितीत एकेक क्रिया बोलून दाखवितात. ऐकणाऱ्याने फीत थांबवावी, तीच क्रिया आपल्या संगणकावर करावी, मग पुढे जावे. या फिती मराठीतही आहेत. दोन्ही प्रयोगांचे मर्म एकच, ऐकणे आणि हाताने करणे यांत अंतर पडू न देणे.

मग उणे कोठे आहे? पहिले उणे वेळेचे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पदोन्नतीसाठी लागते, म्हणून ते मिळविण्याकडे कल असतो. शिकलेले वर्गात उतरविण्यासाठी मात्र वेळापत्रकात तास नसतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांची स्थिती याहून बिकट. सकाळी कल्याणला दोन तास, दुपारी लोकल पकडून ठाण्याला दोन, आणि मोबदला केवळ शिकविलेल्या तासांचा. शिकण्यात घालविलेला तास त्यांच्या खिशातून जातो. नवी साधने वापरण्याचा उत्साह ज्या तरुणांत अधिक, त्यांनाच शिकण्याची किंमत मोजावी लागते, ही विसंगती दूर व्हावयास हवी.

दुसरे उणे जवळच्या माणसाचे. आपल्याकडे मुले तलावात पोहावयास शिकत, तेव्हा पाठीला भोपळा बांधीत आणि जाणता माणूस पाण्यात जवळ उभा राही. काठावरून पोहण्यावर व्याख्यान देऊन कोणी पोहू लागल्याचे ऐकिवात नाही. तसेच एकदम खोल पाण्यात ढकलून पोहू लागले ते थोडे आणि धास्ती घेतली ते फार. २०१७ साली आपण प्राध्यापकांना खोल पाण्यात ढकलले. एरवी बहुधा काठावरून व्याख्यान देतो.

करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आठवड्यातून एक तास वेळापत्रकात राखून ठेवावा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना त्या तासाचाही मोबदला द्यावा. त्या तासाला दोघांनी जोडीने बसावे. एकाला साधन येते, दुसऱ्याला विषय मुरलेला असतो, आणि दोघांनी मिळून पुढल्या आठवड्याचा एकच पाठ तयार करावा. ग्रंथपालांना या कामात मानाचे स्थान असावे, कारण माहिती कोठे सापडते आणि तिच्यावर कितपत विसंबावे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? ठाणे ते कल्याण लोकलने अर्ध्या तासाचा प्रवास. तेव्हा शेजारच्या महाविद्यालयांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन आपले पाठ एकमेकांना दाखविणे अवघड नाही. आणि विद्यापीठाने कोणतीही नवी पद्धत लागू करण्यापूर्वी एक सत्र सरावासाठी द्यावे, ज्यात झालेली चूक कोणाच्या निकालावर जाऊन पडणार नाही.

प्राध्यापकाला नवे काही येत नाही असे म्हणून त्याला हिणविणे सोपे आहे, आणि नवे सारे फोल आहे असे म्हणून त्याने दार लावून घेणेही तितकेच सोपे. दोन्हींची झळ शेवटी बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याला लागते. पाटी जाऊन वही आली, वहीशेजारी आता पडदा आला. गिरवावयाला लागणारा वेळ आणि हात धरून गिरवून घेणारे कोणीतरी, ही गरज मात्र पाटीच्या काळी होती तशीच आजही आहे.