राखणीच्या कुत्र्याचे जंत, गोचीड व दात

शेतवस्तीवर, मेंढ्यांच्या वाड्यात व गोठ्याच्या दाराशी कुत्रा असतोच. बिबट्याची, लांडग्याची व चोराची चाहूल प्रथम त्यालाच लागते. असे असूनही लस टोचण्यासाठी किंवा जंतांचे औषध पाजण्यासाठी पशुवैद्यक गावात आले की गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्या पुढे आणल्या जातात आणि कुत्रा बाजूला बसून राहतो. या दुर्लक्षाचा त्रास केवळ त्या मुक्या प्राण्यालाच होतो असे नाही. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक कृमीमुळे मेंढीच्या काळजात आणि घरातील माणसाच्या यकृतात व फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. म्हणून कुत्र्याच्या निगेचा विचार या कृमीपासूनच सुरू करणे इष्ट होय.

या पट्टकृमीचे शास्त्रीय नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस असे आहे. त्याची लांबी अवघी २ ते ७ मिलिमीटर असते. असे शेकडो कृमी पोटात असूनही कुत्रा धडधाकट दिसतो, नीट जेवतो व भुंकतो. त्यामुळे कोणास संशय येत नाही. कृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात व ती डोळ्यांना दिसत नाहीत. चरताना ती गवताबरोबर मेंढीच्या, शेळीच्या, गाईच्या किंवा म्हशीच्या पोटात जातात. तेथून रक्तावाटे ती यकृतात व फुफ्फुसात पोहोचतात आणि त्यांची हळूहळू पाण्याची गाठ बनते. या गाठीतील पाण्यात वाळूसारखे बारीक कण असतात. त्यांतील प्रत्येक कण कुत्र्याच्या पोटात गेल्यास त्याचा नवा कृमी होऊ शकतो, आणि एका गाठीत असे हजारो कण असू शकतात.

आता जत्रेच्या किंवा सणाच्या दिवशी काय घडते ते पाहावे. बोकड कापला जातो, काळजावर किंवा फुफ्फुसावर पांढरट फुगीर गाठ दिसते, 'हे खाण्याजोगे नाही' असे कोणी तरी म्हणतो आणि तो तुकडा कुत्र्यापुढे टाकतो. माणसाने तो टाळला हे योग्यच केले. परंतु रोगाला आपले चक्र पुरे करण्यासाठी नेमकी हीच एक गोष्ट हवी असते. मेलेली मेंढी ओढ्यात टाकून दिली तरी परिणाम तोच होतो.

माणसास हा रोग मांस खाल्ल्याने होत नाही, तर कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्याने होतो. ही अंडी कुत्र्याच्या केसांना व तोंडाला चिकटलेली असतात. कुत्र्याला कवटाळून तशाच हातांनी भाकरी खाणारे मूल, तसेच न धुतलेली मेथी किंवा कोथिंबीर हे त्यांचे नेहमीचे मार्ग होत. गाठ वाढण्यास कित्येक वर्षे लागतात. पोटात जडपणा किंवा छातीत दुखणे सुरू होते तेव्हा ती मोठी झालेली असते, व अनेकदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

सुदैवाने हे चक्र तोडणे अवघड नाही. आइसलंड बेटावर एकेकाळी या रोगाने फार मोठा उपद्रव मांडला होता. तेथे पाहणी करून क्राब्बे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६४ साली एक छोटी पुस्तिका लिहिली व ती घरोघर वाटण्यात आली. पुढे कुत्र्यांना जंतांचे औषध देणे आणि गाठी असलेले अवयव नष्ट करणे यांविषयी कायदेही झाले, आणि कालांतराने त्या बेटावरून हा रोग नाहीसा झाला. आज तर त्या काळी नसलेले प्रभावी औषध उपलब्ध आहे.

प्राझिक्वांटेल हे ते औषध होय. वजनाच्या दर किलोस ५ मिलिग्रॅम हे त्याचे प्रमाण आहे. कुत्र्याचे वजन अंदाजाने धरू नये. त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे व आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे. शरीरात शिरलेला कृमी सुमारे सहा आठवड्यांनी अंडी टाकू लागतो. म्हणून ज्या कुत्र्यास कच्चे अवयव मिळण्याचा संभव आहे, त्यास दर सहा आठवड्यांनी औषध द्यावे. औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. यास्तव औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि त्याची विष्ठा जाळावी अथवा खोल पुरावी. टाकाऊ अवयव कुत्र्यास घालायचेच असतील तर निदान ४० मिनिटे उकळून घालावेत, नाही तर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरावेत. जेथे बोकड कापतात तेथे असा खड्डा आहे की नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जत्रेच्या आधीच पाहिलेले बरे.

पिलांची गोष्ट निराळी आहे. गोलकृमी आईच्या पोटातच पिलांच्या शरीरात शिरतात. फुगलेले पोट व निस्तेज केस असलेले पिलू 'दूध भरपूर पिते' असे समजून लोक कौतुक करतात, वास्तविक त्याच्या पोटात जंत असतात. त्यांची अंडीही मुलांना बाधतात. जन्मानंतर दोन आठवड्यांनी पहिला डोस, पुढे आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्यास, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा व पुढे दर तीन महिन्यांनी, असा क्रम ठेवावा. आईसही पिलांबरोबरच औषध द्यावे. पिलू तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी. तिच्याबाबत चालढकल करू नये.

गोचिडांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गोचीड कुत्र्यावर राहते असे लोक मानतात. खरे पाहता कुत्र्यावरील तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिण्यापुरती अंगावर चढते. उरलेला काळ ती भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत व कौलांखाली काढते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी तेथे हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध लावून भिंत तशीच ठेवली, तर पंधरा दिवसांत सगळे पूर्ववत होते. भेगा चुन्याने अथवा सिमेंटने बुजवाव्यात, कुत्र्याच्या बसण्याची जागा झाडून कचरा जाळावा, आणि फवारणीचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने निवडावे. कपाशीवर मारावयाचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर कदापि चोळू नये. त्याने कुत्रे मरतात. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी, नखाने चिरडू नये. कुत्रा जेवण सोडून पडून राहिला, हिरड्या फिकट झाल्या किंवा नाकातून रक्त आले, तर तो गोचीडतापच समजावा व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेपटीच्या मुळाशी व मांड्यांवर सतत खाजवून केस गेले असतील, तर बहुधा त्या कुत्र्यास पिसवांच्या लाळेचे वावडे असते. अशा कुत्र्याला थोड्या पिसवाही पुरतात, म्हणून अंगावर पिसू दिसली नाही तरी उपचार पिसवांचाच करावा आणि त्याचे गोणपाट कडक उन्हात टाकावे. कानांच्या कडांवर व कोपरांवर खपल्या धरल्या असतील तर ती लूत होय, व ती माणसासही काही काळ खाज आणते. लुतीवर जळके इंजिन ऑईल चोळण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. कुत्रा ते चाटतो आणि त्याचे विष पोटात जाते.

दातांकडे तर कोणीच पाहत नाही. कुत्र्याचे २८ दुधाचे दात सुमारे सहा-सात महिन्यांपर्यंत पडून ४२ कायमचे दात येतात. ताकात भिजवलेली भाकरी रोज खाणाऱ्या कुत्र्याच्या दातांवर थर साचतो, तो कडक होऊन पिवळे किटण बनते, हिरड्या सुजतात व तोंडाला दुर्गंधी येते. किटण एकदा घट्ट झाले की ते पशुवैद्यकानेच काढावे लागते. ओल्या फडक्याने दर दिवसाआड दात पुसल्यास ते साचण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नये. शिजवलेली हाडे घालू नयेत, कारण त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुततात. दगड चावण्याची सवय असलेल्या कुत्र्याचे सुळे तुटतात. असा कुत्रा एका बाजूने चावू लागला अथवा गालाखाली सूज आली, तर दाताचे मूळ पिकले आहे असे ओळखावे.