जुना हिशेब, नवी भाषा



शाळेचा निकाल आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर तयार होतो. गुण भरले, कळ दाबली, की बेरीज, टक्केवारी, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, सारे छापून बाहेर येते. हे काम करणारा प्रोग्रॅम जुन्या भाषेतला असला आणि तो नव्या भाषेत न्यायची वेळ आली, तर काय बिघडते आणि बिघाड कसा शोधावा, एवढेच आज सांगायचे आहे. विषय संगणकाचा खरा, पण मुळात तो हिशेबाचाच आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला शब्द लायब्ररी. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. हवे ते पुस्तक आपण तिथून आणतो, प्रत्येकाने ते पुन्हा लिहीत बसायचे नसते. संगणकाची लायब्ररीही तशीच. बेरीज कशी करावी, यादी कशी लावावी, चित्र कसे काढावे, याचे तयार प्रोग्रॅम तिथे ठेवलेले असतात. दुसरा शब्द चाचणी. अमुक आकडे दिले तर तमुक उत्तर आलेच पाहिजे, असे आपण आधी लिहून ठेवतो आणि लायब्ररी ते उत्तर देते का, हे यंत्राकडूनच तपासून घेतो. गणिताच्या पुस्तकामागे उत्तरे असतात, तसेच हे.

भाषा बदलते हेही मुंबईला नवे नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेले ‘टिफ्रॅक’ हे यंत्र १९६० साली कामाला लागले. पुढे १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे परदेशी बनावटीचे मोठे यंत्र आले. दोन्ही यंत्रांची बोली निराळी, म्हणून एकीतले काम दुसरीत न्यायचे तर ते नव्याने मांडणे आले.

आजची उदाहरणे मी ‘पायथन’ या भाषेतली घेतो. ही भाषा १९९१ मध्ये लोकांपुढे आली आणि आता शाळा-कॉलेजांतही शिकवतात. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, म्हणून जुन्या लायब्रऱ्या तिसरीत नेणे भाग पडले. नेल्या, आणि चाचण्या धडाधड नापास होऊ लागल्या. का, ते पाहू.

समजा, गिरगावातल्या एका शाळेचा निकालाचा प्रोग्रॅम आहे. एका मुलाला अर्धे-अर्धे गुण मिळून ३४.५ झाले. पास व्हायला ३५ हवेत. पूर्णांक करण्याची जी आज्ञा आहे, ती जुन्या पायथनमध्ये ३४.५ चे ३५ करी. नव्या पायथनमध्ये तीच आज्ञा ३४ देते. चूक नव्हे बरं का, नियमच बदलला! बरोबर अर्धा उरला तर नवी भाषा जवळच्या सम संख्येकडे जाते. म्हणजे ३४.५ चे ३४, पण ३५.५ चे ३६. मोठ्या बेरजांत चूक एकाच बाजूला साचू नये, हा त्यातला हेतू. हेतू चांगला, पण आपला मुलगा नापास झाला त्याचे काय?

असा घोळ आपल्या वडीलधाऱ्यांनीही पाहिला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे आणे सोळा आणि नवे पैसे शंभर, म्हणजे आण्याचे सव्वासहा झाले. पाव पैसा देणार कुठून? म्हणून कोष्टक ठरले. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. आता लालबागच्या एखाद्या कामगाराने वाण्याकडून एकेका आण्याची तीन वेळा खरेदी केली तर अठरा पैसे, आणि तीच एकदम केली तर एकोणीस. माल तोच, तरी पैशाचा फरक! दोष ना वाण्याचा, ना गिऱ्हाइकाचा. पूर्णांक कुठे आणि कोणत्या नियमाने करायचा, हा खरा प्रश्न होता.

म्हणून उपाय असा की, अर्ध्या गुणाचा नियम भाषेवर सोपवू नये. ‘अर्धा असेल तर वर चढवावा’ हा शाळेचा नियम असेल, तर तो प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहावा. मग भाषा बदलली तरी निकाल बदलत नाही.

दुसरे उदाहरण भागाकाराचे. पंचेचाळीस मुलांची यादी दोन रकान्यांत छापायची आहे. जुनी भाषा ४५ भागिले २ म्हणजे २२ म्हणे, बाकी सोडून देई. नवी भाषा २२.५ म्हणते. साडेबावीस नावे कशी छापणार? काम तिथेच अडते. येथे भागाकाराची तिरकी रेघ एकाऐवजी दोनदा घालावी, म्हणजे पूर्ण भागच मिळतो.

तिसरे उदाहरण आपल्या लिपीचे. ‘मुंबई’ या शब्दाची लांबी साध्या रीतीने विचारली, तर जुने पायथन सामान्यतः १५ सांगे. ते अक्षरे मोजत नसे, साठवणीतले बाइट मोजी, आणि देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन-तीन बाइट लागतात. नवे पायथन ५ सांगते: म, उकार, अनुस्वार, ब आणि ई. आपण वाचताना मात्र तीनच अक्षरे म्हणतो. तेव्हा नावाला रकाना किती रुंद हवा, हे ठरवताना आपण नक्की काय मोजतो आहोत, हे पाहावे लागते.

चौथे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलाची जागा रिकामी असते. जुनी भाषा रिकामी जागा कोणत्याही आकड्यापेक्षा लहान धरून त्या मुलाला गुपचूप यादीच्या तळाशी घाली. नवी भाषा साफ नकार देते: रिकाम्या जागेची आकड्याशी तुलना होत नाही. चाचणी नापास झाली, पण नव्या भाषेने चूक केली नाही, जुनी झाकलेली चूक उघडी केली. गैरहजर मूल आणि शून्य गुणांचे मूल एक नव्हे, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

कधी खुद्द चाचणीच जुनी झालेली असते. चाचण्या लिहिण्याच्या काही आज्ञांची जुनी नावे २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीत काढून टाकली. तिथे लायब्ररी ठीक असते, प्रश्नपत्रिका तेवढी सुधारायची. आणि कधी दोष असतो आपण ज्यावर उभे आहोत त्या पायाचा. पवईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेली ‘मायावी’ ही लायब्ररी घ्या. शास्त्रीय आकड्यांची त्रिमिती चित्रे ती काढते. ती ‘व्हीटीके’ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर उभी आहे, आणि व्हीटीकेला पायथन ३ समजू लागले ते २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून. पाया तयार होईपर्यंत माडी थांबणारच. आज मायावी पायथन ३ वर चालते.

आता शोधायची रीत सांगतो. प्रथम जुन्या भाषेत सगळ्या चाचण्या पास होतात ना, ते पाहावे. आधीच नापास असलेल्या चाचणीचा आळ नव्या भाषेवर नको. मग नव्या भाषेत चालवून नापास चाचण्यांचे गट पाडावेत. पन्नास तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते. प्रत्येक गटातली सर्वांत लहान चाचणी घेऊन ती दोन-चार ओळींवर आणावी आणि दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी चालवावी. मग चार प्रश्न विचारावेत. भाषेचा नियम बदलला का? आपली जुनी चूक उघडी पडली का? चाचणीच जुनी आहे का? की पाया अजून तयार नाही? एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि दर दुरुस्तीनंतर सगळ्या चाचण्या पुन्हा चालवाव्यात.

एक गोष्ट मात्र करू नये. चाचणी ३५ मागते आणि उत्तर ३४ येते, म्हणून चाचणीतच ३४ लिहून मोकळे होऊ नये. असे केले की यंत्र खूश होते, कागद स्वच्छ दिसतो, आणि ज्याचे साडेचौतीस गुण होते तो मुलगा घरी जाऊन नापास झाल्याचे सांगतो. त्याला पायथन ठाऊक नसते आणि त्याची आवृत्तीही ठाऊक नसते. ३५ का हवेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून मगच त्या आकड्याला हात लावावा. तुमच्या शाळेत नवा प्रोग्रॅम येईल तेव्हा गेल्या वर्षीचा एक निकाल त्यातून पुन्हा काढून पाहा, आणि साडेचौतीसवाल्यांची व गैरहजरांची नावे तेवढी हाताने तपासा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते करायला संगणकशास्त्र यावे लागत नाही.