कवेलू फेरणारे हात

मृगाचा पाऊस वर्ध्यावर येण्याआधी सेवाग्राम आश्रमाच्या छपरांची कामं निघतात. कवेलू म्हणजे कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, साचलेला पालापाचोळा झाडायचा, खालचा बांबू किडला असेल तर बदलायचा आणि पुन्हा एकेक कवेलू बसवत खालून वर जायचं. विदर्भात याला कवेलू फेरणं म्हणतात. मग भिंतींवर शिंदीच्या पानांच्या झांज्या चढतात, आडव्या सरींनी माती धुऊन जाऊ नये म्हणून.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं; सेवाग्राम हे नाव १९४० साली मिळालं. आधी आदि निवास उभा राहिला. गांधीजींची बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची. कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेला चरखा आजही दिसतो. माती, बांबू, कवेलू सगळं जवळपासचं, कारागीरही गावचेच.

जगभरचे वास्तुसंरक्षक ज्यावर वाद घालतात तो प्रश्न इथे दर उन्हाळ्यात समोर येतो: कवेलू बदललं, बांबू बदलला, माती नवी लिंपली, तर जुनं काय उरलं? जपानमधलं इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. तिथे जपली जाते ती बांधण्याची रीत. सेवाग्रामचं उत्तरही तेच आहे.

पण ही रीतच आता अडचणीत आहे. आश्रमांभोवती मोठ्या खर्चाची कामं येऊ लागली. सेवाग्राम विकास आराखडाच २६६ कोटींचा. २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करताना जुनी झाडं पडू लागली, तेव्हा वर्धेकरांनी आवाज उठवला आणि तोड थांबली. पुढच्याच वर्षी साबरमती आश्रमाच्या १२०० कोटींच्या पुनर्विकासाविरुद्ध सेवाग्रामहून संदेश यात्रा अहमदाबादला गेली.

कोट्यवधींच्या कामात सिमेंट सहज येतं, आणि मातीच्या भिंतीला तेच घातक. वरून गिलावा टणक दिसतो, आत ओल कोंडते, भिंत भुसभुशीत होत जाते. तिला दरवर्षी लिंपणारा हातच हवा. गावोगावी मात्र स्लॅब आणि टिनाची छपरं आली, कवेलू घडवणारे कुंभार कमी झाले. एका आश्रमाच्या कामावर कवेलू फेरणाऱ्याचं वर्ष निघत नाही. त्याचा मुलगा हे शिकायचा, तर आसपासच्या गावांतही काही घरं मातीचीच राहायला हवीत.